पद आणि वतन : मराठी साहित्यातील अधिकारनीतीचा एक विचार

१

गेल्या चार-पाच दशकांतील मराठी समीक्षेत 'व्यवस्था' हा शब्द ज्या सहजतेने वापरला गेला, तितक्या सहजतेने क्वचितच दुसरा एखादा शब्द वापरला गेला असेल. कादंबरीतील नायक 'व्यवस्थेचा बळी' असतो, लेखक 'व्यवस्थेवर प्रहार' करतो, कलाकृती 'व्यवस्थाविरोधी' ठरते. या शब्दाने समीक्षेचे काही भले केले, हे नाकारण्याचे कारण नाही. दुष्ट सावकार आणि सज्जन शेतकरी, लाचखाऊ कारकून आणि भाबडा अर्जदार अशा व्यक्तिनिष्ठ द्वंद्वात अडकलेल्या वाचनपद्धतीला त्याने बाहेर काढले. दुःखाची मुळे एखाद्याच्या स्वभावात नसून जात, वर्ग आणि उत्पादनसंबंध यांच्या रचनेत असतात, हे भान मार्क्सवादी आणि दलित समीक्षेने दिले आणि ते देताना हा शब्द उपयोगी पडला.

परंतु प्रत्येक संकल्पना काही दाखवते आणि त्याच वेळी काही झाकते. 'व्यवस्था' या संकल्पनेने जे झाकले ते म्हणजे पद. आणि पदाबरोबरच ते धारण करणारा माणूस. अर्जावर सही करणारा अथवा न करणारा, उमेदवाराची निवड करणारा अथवा नाकारणारा, पाण्याच्या टँकरची फेरी नोंदवणारा अथवा न झालेली फेरी नोंदवणारा असा एक निश्चित अधिकारधारक कथेत असतो. समीक्षेत शिरताच तो 'व्यवस्था' या सामूहिक नामात विरघळतो. त्याला नाव राहत नाही, हुद्दा राहत नाही, आणि म्हणून त्याचे कर्तव्यही राहत नाही.

येथे शासकीय मराठीची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'आदेशित करण्यात येत आहे', 'निदर्शनास आणून देण्यात येते', 'कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यांत क्रिया आहे, पण कर्ता नाही. बोलण्यातही 'फाईल अडकली', 'निधी आला नाही', 'काम झालं नाही' अशीच अकर्तृक रचना आपण करतो. फाईल कोणीतरी अडकवलेली असते. पण भाषेत ती स्वतःच अडकते. समीक्षेने ज्या कचेरीवर टीका केली, त्या कचेरीचेच व्याकरण तिने नकळत उचलले. 'व्यवस्थेने त्याला नाकारले' हे वाक्य आणि 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे' हे वाक्य, दोन्हींत कर्ता सारख्याच शिताफीने नाहीसा झालेला आहे.

प्रस्तुत लेखात असे सुचवायचे आहे की, सार्वजनिक अधिकाराच्या नीतीचा विचार मराठी साहित्याने आणि मराठी गद्याने दीर्घकाळ केलेला आहे. मात्र तो वाचण्यासाठी 'व्यवस्था' ही संकल्पना अपुरी पडते. आपल्याच इतिहासातून आलेले 'पद' आणि 'वतन' हे जोडशब्द त्यासाठी अधिक उपयुक्त आहेत. पद म्हणजे विश्वस्ताच्या नात्याने, मर्यादित काळासाठी आणि विशिष्ट कामासाठी मिळालेला अधिकार. वतन म्हणजे मालमत्तेच्या नात्याने धारण केलेला, भोगता येणारा, वारसाला देता येणारा अधिकार. पदाचे वतन होणे, हा अधिकारनीतीचा मूळ भंग होय. लाच, वशिला, नातेवाइकांची भरती हे त्याचे केवळ प्रकार आहेत.

२

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लोटणाऱ्या गर्दीत गावच्या सरपंचापासून राज्याच्या मंत्र्यांपर्यंत सर्व थरांतील पदाधिकारी असतात. शिवकालाचा गौरव हा त्या दिवशीच्या भाषणांचा स्थायीभाव असतो. मात्र अधिकारधारकाला थेट उद्देशून लिहिलेला शिवकालीन मजकूर कोणता, असा प्रश्न विचारला तर लढाया आणि किल्ले बाजूला ठेवून एका साध्या प्रशासकीय पत्राकडे वळावे लागते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले ते पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. साहित्याच्या अभ्यासक्रमांत ते आढळले तरी भाषेचा जुना नमुना म्हणून आढळते. नीतिगद्य म्हणून त्याचा विचार फारसा होत नाही.

या पत्राचा विषय आहे दाणा आणि वैरण. घोड्यांसाठी साठवलेली सामग्री पावसाळ्याआधीच उधळली तर पुढे काय होईल, याची एक कार्यकारणमालिका पत्रात मांडलेली आहे. सामग्री संपेल, घोडी मरू लागतील, मग माणसे कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला आणू लागतील. गरीब कुणबी परागंदा होतील. आणि मोगलांपेक्षा हेच वाईट, असे रयत म्हणू लागेल. त्यानंतर पत्र आगीकडे वळते. कोणी कुठे चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जळेल, इथपर्यंत तपशील उतरतो.

या मजकुराची वाङ्मयीन वैशिष्ट्ये दोन आहेत. पहिले, त्यात सद्गुणवाचक नामे जवळपास नाहीत. इंग्लंडमध्ये १९९५ साली नोलन समितीने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली. निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व अशी ती यादी जगभर आदर्श मानली गेली. त्या यादीचे मोल कमी न करता असे म्हणता येईल की, या पत्रात सचोटी हा शब्द नसून गवत आहे. उत्तरदायित्व हा शब्द नसून उंदराने ओढलेली वात आहे. नीती येथे गुण म्हणून येत नाही, परिणामांची साखळी म्हणून येते. दुसरे वैशिष्ट्य व्याकरणाचे. पत्र द्वितीयपुरुषी आहे. तुम्ही असे कराल तर तसे होईल, आणि त्याची बदनामी तुमच्यावर येईल, अशी त्याची रचना आहे. कर्ता लपवण्यास येथे जागाच नाही.

हीच दृष्टी पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, शास्त्ररूप घेते. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे परस्पर तोडू नयेत, धन्याला राजी करून आणि मोल देऊनच ती घ्यावीत, हा त्यातील भाग शालेय पुस्तकांमुळे सर्वपरिचित झाला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहेत ते गडकोटांवरील अधिकाऱ्यांच्या ठराविक मुदतीने बदल्या करण्याविषयीचे नियम आणि वतनदारांविषयीचे प्रकरण. वतनदार हे राज्याचे वाटेकरी असतात. त्यांचा लोभ राज्यहिताशी जुळत नाही, हे अमात्यांचे निरीक्षण आहे. त्यांना समूळ उखडावे असे ते म्हणत नाहीत. त्यांना मर्यादेत ठेवावे असे म्हणतात. बदलीचा नियम आणि वतनाची भीती या दोहोंमागे एकच जाण आहे. एका जागी फार काळ बसलेला अधिकार मालकीत रूपांतरित होतो.

महाराष्ट्राने २००५ साली शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदा करून एका जागी राहण्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे ठरवली आणि त्याच कायद्यात फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक न ठेवण्याचे बंधन घातले, तेव्हा कायद्याच्या भाषेत हीच जाण सुमारे तीनशे वर्षांनी पुन्हा उच्चारली गेली. दोन्ही मजकूर एकत्र वाचण्याचा उद्योग साहित्याच्या अभ्यासकाने करावयास हवा. कारण नियम टिकतो की नाही हे कायदा सांगू शकत नाही, पण अधिकाराची कोणती कल्पना एखाद्या समाजाच्या गद्यात रुजलेली आहे, हे गद्याचे वाचन सांगू शकते.

३

मराठी मनातील अधिकारनीतीचे प्रतीक मात्र ना ते पत्र आहे, ना 'आज्ञापत्र'. ते स्थान रामशास्त्री प्रभुणे यांचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्रींनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय त्यांच्या तोंडावर सांगितला आणि पद सोडून पुणे सोडले. या प्रसंगात नाट्य ओतप्रोत आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाने आणि प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटाने तो लोकमनात कोरला. आजही एखाद्या न्यायाधीशाचा गौरव करताना 'रामशास्त्री बाण्याचा' हेच विशेषण वापरले जाते.

पण बाण्याची ही कल्पना एका क्षणावर उभी आहे, आणि तो क्षण पदत्यागाचा आहे. बारभाईंच्या कारभारात रामशास्त्री पुन्हा न्यायाधीशपदावर आले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायदान करीत राहिले, हा भाग कोणत्याही नाटकाचा विषय झाला नाही. वतनाचे तंटे, सरहद्दींचे वाद, देण्याघेण्याच्या तक्रारी यांचे निवाडे वर्षानुवर्षे निर्लोभपणे करणे यात रंगभूमीला आकर्षक वाटावे असे काय आहे? परिणामी आपल्या साहित्यात पदनीतीची जी प्रतिमा घडली, ती पद सोडण्याची घडली. पदावर राहून ते नीट सांभाळण्याची घडली नाही. त्यागाला मराठी संवेदनेत नेहमीच उंच पाट मिळाला. खुर्ची सोडणारा थोर. मग खुर्चीवर बसलेला तो आपोआपच संशयास्पद. या प्रतिमेची दुसरी बाजू अशी की, खुर्चीवर बसलेल्याकडून फारशी अपेक्षाच ठेवावी लागत नाही. थोरवी अपवादात्मक मानली की सामान्य कर्तव्याची सक्ती सैल होते.

याच खुनाच्या कथेने मराठीला 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार दिला. पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले, अशी आख्यायिका आहे आणि तिचे बोट आनंदीबाईंकडे जाते. तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न येथे गौण आहे. लक्षणीय हे की, लोकस्मृतीने एका राजकीय खुनाचा गाभा कागदावरील एका अक्षराच्या फेरफारात पाहिला. दप्तरातील एक अक्षर माणसाचा जीव घेऊ शकते, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील नावासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या वाक्प्रचारांनी जे जाणले, ते आपल्या नाट्यकल्पनेने तितक्या गांभीर्याने जाणले नाही.

४

कागदावरच्या या सत्तेचे पहिले सविस्तर आधुनिक वाचन जोतीराव फुले यांनी केले. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) हा ग्रंथ शेतकऱ्याच्या दैन्याचे चित्रण म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो तितकाच पदांचा ग्रंथ आहे. सरकारी खात्यांतील ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची ऐषआरामी बेफिकिरी या दोन गोष्टींनी शेतकरी नागवला जातो, हे त्याचे प्रतिपादन आहे. फुल्यांचा रोख कुलकर्ण्यापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत एकेका हुद्द्यावर आहे. कोणत्या टेबलावर कोणत्या निमित्ताने काय घेतले जाते, याचा त्यांनी घेतलेला मागोवा 'व्यवस्थे'ची मीमांसा करतोच, पण पदाला सुटू देत नाही. एकाच जातीच्या हाती एकवटलेली पदे म्हणजे सामूहिक वतनच, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे. याच जिल्ह्यातील चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ साली फुल्यांचे चरित्र लिहिले. ते फुल्यांच्या आरंभीच्या चरित्रांपैकी एक. वऱ्हाडातील एका गावातून हे काम व्हावे यात नवल नाही. पाटील-पटवारी आणि कचेरी यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला फुल्यांची भाषा भाषांतराविना कळणारी होती.

फुले स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी विरोध केला. प्रस्ताव मंजूर झाला. फुल्यांनी पद सोडले नाही आणि विरोधही सोडला नाही. रामशास्त्रींच्या प्रसंगाशेजारी हा प्रसंग ठेवला तर दोन नीतिकल्पनांतला फरक स्पष्ट होतो. एकीत पदाची प्रतिष्ठा ते सोडून राखली जाते. दुसरीत पराभूत होणारे मत पदावर राहून नोंदवले जाते. दुसऱ्या प्रकारच्या धैर्याला आपल्या साहित्यात अजून नाटककार मिळायचा आहे.

फुल्यांच्या 'असूडा'नंतर पाच वर्षांनी क्रॉफर्ड प्रकरण उभे राहिले. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून ख्यातकीर्त झालेले आर्थर क्रॉफर्ड हे पुढे मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतात, असा आरोप झाला आणि १८८८ मध्ये पुण्यात चौकशी आयोग बसला. आयोगाने त्यांना लाचेच्या आरोपातून मुक्त केले, पण आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका ठेवला. त्यांची नोकरी गेली. खरा नैतिक पेच मात्र साक्ष देणाऱ्या मामलेदारांचा होता. अभय मिळाल्यामुळे त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले होते. टिळकांनी त्यांची बाजू घेतली. सरकारने दिलेला शब्द पाळावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. परंतु त्याने न सुटणारा एक प्रश्न उरतोच. पैसे देऊन जागा मिळवलेला मामलेदार त्या जागेकडे कोणत्या नजरेने पाहील? विकत घेतलेली वस्तू ही मालमत्ता असते, आणि मालमत्तेतून उत्पन्न काढणे माणसाला स्वाभाविक वाटते. पदाचे वतन होण्याचा हा आधुनिक मार्ग होता. त्यास वारसाहक्काची गरज उरली नव्हती.

जुने वतन काय होते, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात अधिकारी, वतनदार आणि बलुतेदार यांच्या देण्याघेण्याच्या बारकाव्यांसह नोंदलेले आहे. तथापि वतनाचा विचार करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. वरच्यासाठी वतन म्हणजे मिरास, पण खालच्यासाठी तेच वतन म्हणजे बेडी होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले, ते या बेडीविरुद्ध. तुटपुंज्या मोबदल्यात कोणत्याही सरकारी कामगाराने केव्हाही राबवून घ्यावे, असा अधिकार ज्यांच्यावर चाले, त्यांच्या बाजूने वतनाकडे पाहिले की, पाटलाच्या वतनातील सुखासीनतेचा खर्च कोण भागवत होते, हे कळते. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकीचे पद रद्द झाले. कायद्याने वतन गेले. ते मनातून गेले का, याचा शोध घेण्याचे काम मात्र साहित्याकडे आले.

५

या शोधातील एक महत्त्वाची कलाकृती म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल'. १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलेल्या या नाटकावर जो वाद झाला, तो नाना फडणविसांच्या आणि पुण्याच्या ब्राह्मणांच्या प्रतिमेचा झाला. पुढील समीक्षेने त्यात सत्ता आणि हिंसा यांचे रूपक पाहिले. दोन्ही वाचनांत एक साधी गोष्ट मागे पडली. या नाटकाच्या केंद्रस्थानी एका पदाचा सौदा आहे. घाशीराम आपली मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. त्यानंतर शहरात रात्री जे जे करावयाचे त्याला परवाना लागू लागतो. ज्याने पदासाठी सर्वांत मोठी किंमत मोजली, तो त्याची वसुली अख्ख्या शहराकडून करतो. शेवटी जमाव घाशीरामाचा जीव घेतो आणि नाना सुरक्षित राहतो. पद विकत घेणाऱ्याला शिक्षा होते, विकणारा मात्र सुटतो. क्रॉफर्ड प्रकरणातील मामलेदारांना हे दृश्य अनोळखी वाटले नसते. नाटकाला केवळ 'सत्तेचे रूपक' म्हटले की हा हिशेब हरवतो.

अरुण साधू यांची 'सिंहासन' (१९७७) ही कादंबरी पदाच्या दुसऱ्या टोकाचे चित्रण करते. साधू मूळचे परतवाड्याचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. पण त्यांची दृष्टी मंत्रालयावर खिळलेली होती. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांना आव्हान देणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि सारे जाणणारा पत्रकार दिगू टिपणीस यांच्याभोवती फिरणाऱ्या या कादंबरीत पद टिकवणे हेच पदाचे एकमेव काम होऊन बसलेले दिसते. शीर्षक अचूक आहे. लोकशाहीतील खुर्चीला सिंहासन म्हणणे यातच तिचे वतन झाल्याची नोंद आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर पाच वर्षांच्या आत, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटवाटपाच्या प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्यातून निघालेल्या खटल्यात आमदार हा दंडसंहितेच्या व्याख्येनुसार लोकसेवक ठरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९८४ मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी मिळाले. निवडून दिलेला प्रतिनिधी कायद्याच्या त्या व्याख्येत सेवक नव्हता. 'सिंहासन'च्या वाचकाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

'सिंहासन'ची मर्यादाही येथेच आहे. सारेच सत्तेच्या खेळातले आहेत, हे एकदा कळल्यावर वाचकाला एक प्रकारची शहाणी स्वस्थता लाभते. आतली बातमी कळल्याचे समाधान आणि काहीच बदलणार नाही ही खात्री या दोहोंचे ते मिश्रण असते. रामशास्त्रींच्या नाट्याने पदनीती अपवादात्मक केली. राजकीय कादंबरीने तिचा अभाव स्वाभाविक केला. या दोहोंच्या मधला, रोजच्या कामाचा प्रदेश तसाच कोरा राहिला.

६

तो प्रदेश दिसतो तो अधिकाराच्या वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाकडून पाहिल्यावर; म्हणजे खिडकीच्या अलीकडच्या बाजूने. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी या दृष्टीने वाचावयास हवी. देशमुख चिखली तालुक्यातील अमडापूरचे. 'तहान' या आधीच्या कादंबरीत त्यांनी पाणीटंचाईचा विषय हाताळला होता. 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ती कृषिसंस्कृतीच्या पडझडीची कादंबरी म्हणून प्रतिष्ठित झाली. हे वाचन चुकीचे नाही. पण कादंबरीचा नायक एकनाथ हा उच्चशिक्षित आहे. तो शेतीत अडकला आहे, कारण शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला द्यावयाचे 'डोनेशन' त्याच्यापाशी नाही. घरातले तंटे, शहराची ओढ असलेली पत्नी अलका, थकत चाललेले आईवडील, अस्वस्थ धाकटा भाऊ या साऱ्या ताणांच्या तळाशी ही एक न मिळालेली जागा आहे.

समीक्षेने या जागेला 'बेकारी' म्हटले आणि बेकारीला 'व्यवस्थेची देणगी' म्हटले. वस्तुतः येथे बेकारी नाही. जागा रिकामी आहे, तिचा पगार सरकार देणार आहे, एकनाथची पात्रता पुरेशी आहे. त्याच्या आणि जागेच्या मध्ये जो उभा आहे त्याला नाव आहे. तो संस्थेचा पदाधिकारी आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने १९८८ मध्ये लोकसेवकाची व्याख्या विस्तारली. शासनाकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा पदाधिकारी आणि तेथील कर्मचारी हे त्या व्याख्येत आले. विद्यापीठाचे कुलगुरू, प्राध्यापक, अधिव्याख्यातेही आले. म्हणजे 'बारोमास'मधील डोनेशन ही सामाजिक प्रथा नाही. लोकसेवकाने मागितलेली लाच आहे. कायद्याने ज्याला स्पष्ट नाव दिले, त्याला समीक्षेने 'व्यवस्था' हे धूसर नाव द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. एका संस्थाचालकाला दोषी ठरवून शेतीचे अरिष्ट समजणार आहे काय? कापसाचा भाव, पाऊस, कर्ज, जागतिक बाजार यांच्यापुढे एका पदाधिकाऱ्याची नीती ती काय? आक्षेपातील तथ्य मान्य करूनही एक भेद करावा लागेल. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेचेच उदाहरण घेऊ. कापसाचा भाव ठरणे ही धोरणाची, म्हणजे व्यवस्थेची बाब होती. तो संकलन केंद्रावरच्या कोणा एकाच्या हाती नव्हता. पण रांगेत उभ्या असलेल्या गाडीतल्या कापसाची प्रत ठरवणे ग्रेडरच्या हाती होते. भाव आणि प्रत या दोन्ही गोष्टींनी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम ठरत होती. भावासाठी मोर्चा काढावा लागतो. प्रतवारीसाठी मात्र समोरच्या माणसाने आपले काम नीट करणे एवढेच पुरेसे होते. दोहोंना एकाच शब्दात बांधले की मोर्चाही बोथट होतो आणि ग्रेडरही सुटतो. 'व्यवस्था' टाकून द्यावी असे म्हणणे नाही. तिच्या पोटातले पद वेगळे ओळखावे, एवढेच म्हणणे आहे.

७

आता समीक्षकाने आपल्या स्वतःच्या स्थानाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मराठीत समीक्षा लिहिणारे बहुसंख्य लोक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत पदांवर आहेत. वर सांगितलेल्या कायद्यानुसार ते लोकसेवक आहेत. निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून बसणे, प्रबंध तपासणे, अभ्यासमंडळात पुस्तक नेमणे, उत्तरपत्रिका पाहणे ही पदाची कामे आहेत. प्रबंध न वाचता दिलेला अनुकूल अहवाल, आधीच ठरलेल्या उमेदवाराच्या निवडीवर केलेली सही, परिचिताचे पुस्तक अभ्यासक्रमात लावणे या गोष्टी आपल्या क्षेत्रात कोणाला अपरिचित नाहीत. अशा क्षेत्रातून आलेली समीक्षा 'व्यवस्था' या शब्दाला इतकी का चिकटून राहिली, या प्रश्नाचे एक उत्तर सैद्धान्तिक आहे आणि दुसरे सोयीचे. व्यवस्था नेहमी दुसरीकडे असते. तिच्याविरुद्ध लिहिल्याने लिहिणाऱ्याच्या टेबलावरील कागद हलत नाही. पद मात्र आपल्यापाशीच असते, आणि त्याचा विचार सुरू केला की 'बारोमास'चा प्राध्यापक-वाचक एकनाथच्या बाजूने आपोआप उभा राहू शकत नाही. मुलाखतीच्या मेजाच्या कोणत्या बाजूला आपण बसतो, हे त्याला आधी पाहावे लागते.

अशा वाचनाने समीक्षा पुन्हा बोधवादाकडे जाईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. बोधवाद पात्रांना सज्जन-दुर्जन अशा पेट्यांत टाकतो. पदाचे वाचन पात्राच्या अधिकाराची व्याप्ती विचारते. त्याला काय करता येण्याजोगे होते, काय करणे भाग होते, त्याने कोणती सही केली आणि त्या सहीचे पुढे काय झाले, हे प्रश्न नैतिक आहेत, तसेच ते कथनशास्त्राचेही आहेत. कथानक म्हणजे अखेर कृती आणि परिणाम यांची साखळी. ज्या समीक्षेला कर्ता सापडत नाही तिला कथानकही पुरते सापडत नाही. गवताच्या गंजीपासून परागंदा कुणब्यापर्यंतची साखळी उलगडणाऱ्या त्या जुन्या पत्रात ही जाण होती.

या दृष्टीने काही कामे तातडीची वाटतात. 'आज्ञापत्र' आणि शिवकालीन पत्रे भाषेच्या इतिहासातून काढून गद्यसाहित्याच्या वाचनात आणावीत. 'असूड' हा पदांचा ग्रंथ म्हणून पुन्हा वाचावा. ग्रामीण कादंबरीतील तलाठी, ग्रामसेवक, सचिव, संस्थाचालक, ग्रेडर या पात्रांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा. त्यांना आजवर आपण पार्श्वभूमी मानत आलो. आणि लेखकांकडून अपेक्षाच करावयाची तर ती अशी की, पदाचा राजीनामा न देता, पकडलाही न जाता, तीस वर्षे एका टेबलावर आलेला प्रत्येक कागद वेळेत आणि न्यायाने पुढे सरकवणाऱ्या एखाद्या कारकुनाची कादंबरी मराठीत यावी. त्या कादंबरीत नाट्य कोठून आणावयाचे, हा लेखकाचा प्रश्न आहे. तालुक्याच्या कचेरीत एक दिवस बसून पाहिले तर त्याचे उत्तर फार लांब नसावे, कारण अशा कारकुनाला रोज कितीजणांना नाही म्हणावे लागते, आणि ते कोण असतात, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.